जाती, वंश आणि ‘प्रजाती’ : द्विपदी नावाचा अर्थ

काही दिवसांपूर्वी आमच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मजपुढे दोन उतारे आणून ठेवले. तो भाषांतराचा अभ्यासक. ठाणे खाडीतील पक्ष्यांवरील एक इंग्रजी लेख मराठीत आणण्याचे काम त्याने अंगावर घेतले होते. पहिला उतारा एका वर्तमानपत्रातील होता. खाडीत रोहित पक्ष्याच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, दोन प्रजाती येतात असे त्यात म्हटले होते. दुसरा उतारा म्हणजे शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील वर्गीकरणाचा तक्ता. त्यात ‘प्रजाती’ ही ‘जाती’च्या वरची पायरी दाखविली होती. विद्यार्थ्याचा प्रश्न साधा होता. या दोन पक्ष्यांना दोन जाती म्हणावयाचे की दोन प्रजाती?

तत्काळ उत्तर देणे मला जमले नाही, कारण प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. तो अर्धा जीवशास्त्राचा आहे आणि अर्धा भाषेचा. जीवशास्त्राच्या अर्ध्या भागात माझा अधिकार मर्यादित आहे हे मान्य करूनच पुढील विवेचन करीत आहे. लेखभर ‘स्पीशीज’ या कल्पनेसाठी मी ‘जाती’ हा शब्द योजतो आणि ‘जीनस’ या कल्पनेसाठी ‘वंश’. ‘प्रजाती’ या शब्दाचा विचार शेवटी करू.

प्रथम पक्ष्यांकडे पाहू. ठाणे खाडीचा पूर्व किनारा म्हणजे नवी मुंबई. ऐरोलीपासून नेरूळपर्यंत चिखलपट्ट्यांवर आणि तिवरांच्या आडोशाच्या पाणथळीत हे पक्षी हिवाळ्यात येऊन उतरतात व पावसाळ्यापूर्वी बहुतेक निघून जातात. खाडीचा सुमारे १६९० हेक्टरांचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. थव्यात दोन तऱ्हेचे पक्षी दिसतात. एक उंच, पांढुरका, गुलाबी चोचीच्या टोकास काळा रंग असलेला. दुसरा ठेंगणा, अधिक गडद गुलाबी, आणि चोच दुरून काळीच भासावी इतकी गडद किरमिजी. मराठीत पहिल्यास मोठा रोहित व दुसऱ्यास लहान रोहित म्हणतात. नाम एक, विशेषणे दोन. ऐकणाऱ्याची सहजच समजूत होते की, हे एका घरचे दोघे भाऊ असावेत. परंतु शास्त्रीय नावे पाहिली तर मोठा फिनिकॉप्टेरस रोझियस आणि लहान फिनिकोनायस मायनर. येथे पहिला शब्दच निराळा आहे. मराठी नाव जे नाते सांगते, ते लॅटिन नाव नाकारते. हा विरोध का उत्पन्न झाला, हे समजण्यासाठी द्विपदी नावाची घडण पाहिली पाहिजे.

लिनीअसने वनस्पतींसाठी १७५३ साली आणि प्राण्यांसाठी १७५८ साली जी पद्धती सर्वत्र लागू केली, तिच्यापूर्वी प्रत्येक जीवाचे नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वर्णनच असे. त्या नावावर दोन कामांचा भार होता : वस्तू ओळखून देणे आणि तिचे वर्णन करणे. नवी जाती सापडली की जुन्या जातीचे वर्णन अपुरे ठरे आणि नाव आणखी लांबे. लिनीअसने वर्णनाचे काम ग्रंथाकडे सोपविले आणि नावात दोनच शब्द ठेवले. पहिला शब्द वंशाचा. तो नाम असतो. दुसरा शब्द जातीचा. तो बहुधा विशेषण असतो, क्वचित षष्ठ्यन्त नाम. दुसऱ्या शब्दाला स्वतंत्र अस्तित्व नाही. नुसते ‘इंडिका’ म्हटल्याने कशाचाच बोध होत नाही, कारण आंबाही इंडिका आणि चिंचही इंडिका. उलट पहिला शब्द एकटा उभा राहू शकतो. तो एका संपूर्ण समूहाचे नाव असतो. शिवाय दुसरा शब्द खरा असलाच पाहिजे असेही नाही. चिंच मूळची आफ्रिकेतील मानली जाते, तरी तिचे नाव ‘भारतीय’च राहिले आहे. (तिच्या वंशनामात तर अरबी ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, दडलेला आहे, म्हणजे एकच चूक नावात दोनदा झाली.) शास्त्राला याचे काही वाटत नाही. जातिवाचक शब्द ही केवळ खूण आहे. वंशवाचक शब्द मात्र विधान आहे, आणि विधान खोटे ठरले तर ते बदलावे लागते.

आपल्या घरातील चिमणीचे उदाहरण घ्या. लिनीअसने १७५८ मध्ये तिला फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटले. पुढे फ्रिंजिला वंशातील पक्ष्यांशी तिचे नाते इतके जवळचे नाही असे ठरले, आणि ती पॅसर डोमेस्टिकस झाली. ‘घरची’ हे विशेषण टिकले. पण पॅसर हे लॅटिनमध्ये पुल्लिंगी असल्यामुळे विशेषणाने लिंग बदलले. नामाचे लिंग विशेषणाने घ्यावे, हा व्याकरणाचा नियम प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आजही पाळला जातो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात आनंद वाटावा असे बरेच आहे.

दुसरे उदाहरण खाडीच्या काठचेच. येथील चिखलात सर्वांत अधिक आढळणाऱ्या तिवराचे शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिसेनिया मरिना असे आहे. फोर्स्कोल या संशोधकाने त्याचे वर्णन केले तेव्हा त्याने सीउरा असा स्वतंत्र वंश कल्पून या वृक्षास सीउरा मरिना म्हटले होते. तो १७६३ साली येमेनमध्ये मरण पावला. त्याची टिपणे १७७५ साली प्रसिद्ध केली ती त्याचा सहप्रवासी नीबूर याने. (त्या मोहिमेतून जिवंत परतलेला हा एकटाच. परतीपूर्वी तो मुंबईत राहिला होता व घारापुरीच्या लेण्यांची चित्रे त्याने काढली. सहकाऱ्याने तांबड्या समुद्राकाठी पाहिलेला तिवर त्याला येथेही दिसला असणारच.) १९०७ मध्ये फीअरहापर याने ठरविले की, हा वृक्ष लिनीअसच्या अ‍ॅव्हिसेनिया वंशातच बसतो. सीउरा गेले, मरिना राहिले. वृक्षात काडीचाही बदल झाला नाही. त्याच्या नात्याविषयीचे आपले मत बदलले.

वर्गात हे समजावताना आडनावाची उपमा देण्याची रीत आहे : वंश म्हणजे आडनाव, जाती म्हणजे व्यक्तीचे नाव. उपमा सोयीची आहे, पण तीत एक धोका आहे. बेलापूरचा पाटील आणि कोल्हापूरचा पाटील यांचे आडनाव एक असले, तरी त्यांचे नाते असेलच असे नाही. ते आडनाव मुळात हुद्द्याचे आहे. जीवशास्त्रात अशा दोन पाटलांपैकी एकाला आडनाव बदलावेच लागले असते.

लोकभाषेत मात्र असे पाटील पुष्कळ आहेत. चिंच, विलायती चिंच आणि गोरखचिंच ही तीन नावे पाहा. रचनेने ती तंतोतंत द्विपदी आहेत : एक मूळ नाम आणि त्याला जोडलेला भेदक. पण हे तीन वृक्ष तीन निरनिराळ्या वंशांतील आहेत. चिंच व विलायती चिंच निदान एका कुलातील तरी आहेत. गोरखचिंच कापसाच्या आणि भेंडीच्या कुलातील. नाव जुळले ते फळाच्या आंबट-तुरट गरामुळे. याच्या उलट वड, पिंपळ आणि उंबर. मराठीत ही तीन स्वयंपूर्ण नावे आहेत, एकात दुसऱ्याचा मागमूस नाही; आणि शास्त्राच्या दृष्टीने तिन्ही एकाच फायकस वंशातील. त्या वंशात सुमारे ८५० जाती आहेत आणि त्या सर्वांना बांधणारे लक्षण म्हणजे ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आत बंद असलेली फुले. गंमत अशी की, क्वचित भेटणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे लक्षण चांगले ठाऊक होते; फक्त त्याने त्यावरून वर्ग केला नाही. आयुर्वेदाने या वृक्षांना जवळ आणले खरे. पंचवल्कलातील पाचांपैकी चार वृक्ष फायकसच आहेत. पण पाचवा पारीष पुन्हा भेंडीच्या कुलातला, कारण तेथे कसोटी सालीच्या गुणाची होती.

यावरून लोकभाषा अडाणी आहे असे कोणी समजू नये. मासळीबाजारात पापलेट आणि हलवा ही दोन वेगळी नावे आहेत. इंग्रजीत मात्र दोन्ही ‘पॉम्फ्रेट’, एक रुपेरी व एक काळा. या दोन माशांची कुलेही निराळी आहेत, म्हणजे येथे कोळणीचे वर्गीकरण इंग्रजीपेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ जाते. बर्लिन, ब्रीडलव्ह आणि रेव्हन यांनी १९७३ साली लोकवर्गीकरणाची जी सामान्य तत्त्वे मांडली, त्यांचा गाभा असा की, सर्व भाषांत एक मूलभूत पातळी असते. तेथील नावे बहुधा एकशब्दी असतात, आणि माणसाला उपयोगासाठी वा सांस्कृतिक कारणासाठी अधिक बारीक भेद करावा लागला म्हणजेच त्यांच्याखाली विशेषणयुक्त नावे निर्माण होतात. वड आणि पिंपळ ही अशी मूलभूत पातळीवरची नावे. ती कधी शास्त्रीय जातीशी जुळतात, कधी वंशाशी, कधी कुलाशी. बोलणाऱ्याला जो भेद नजरेत भरतो तेथे ती थांबतात.

मग शास्त्र कोठे थांबते? येथे जाती आणि वंश यांच्यातील खरा फरक येतो. तो केवळ लहान डबा आणि मोठा डबा असा नाही. जातीला निसर्गातच एक प्रकारची कसोटी आहे. मेयरने १९४२ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार, ज्या प्राणिसमूहांत परस्पर प्रजनन होते किंवा होऊ शकते आणि जे इतर समूहांपासून प्रजननदृष्ट्या अलग असतात, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचर बहुधा वांझ. त्याच्या पेशींत घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ यांच्या मधली ६३ गुणसूत्रे असतात. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती. या व्याख्येच्या अडचणी अनेक आहेत. जीवाश्मांना ती लावता येत नाही, अलैंगिक जीवांना लावता येत नाही, आणि दोन खंडांवर राहणाऱ्या समूहांच्या बाबतीत ‘होऊ शकते’ हे ठरवावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. मोठ्या रोहितालाही हा अनुभव आला आहे. अनेक वर्षे त्याला अमेरिकेतील तांबड्या रोहिताची उपजाती मानीत. आता तो स्वतंत्र जाती मानला जातो. तरीही जातीच्या बाबतीत वाद होतो तो वस्तुस्थितीविषयी.

वंशाला अशी कसोटी नाही. घोडा व गाढव एका वंशात का ठेवावे आणि दोन वंशांत का ठेवू नयेत, याचे उत्तर कोणताही प्रयोग देऊ शकत नाही. किती जवळच्या जातींना एका वंशात घ्यावयाचे, हा निर्णय वर्गीकरण करणाऱ्याचा असतो. फक्त त्याच्यावर एक बंधन आहे, आणि १९५० साली हेनिगने ग्रंथरूपाने ते मांडल्यापासून हळूहळू सर्वमान्य झाले आहे : वंशात एका पूर्वजाची सर्व संतती आली पाहिजे, मधलीच एखादी शाखा वगळता कामा नये. घराण्याची वंशावळ कोठे कापावयाची याचे स्वातंत्र्य आहे. पण कापली त्या फांदीवरची सर्व पाने घेतली पाहिजेत.

आता रोहितांकडे परत येऊ. जगात रोहितांच्या सहा जाती आहेत आणि त्या तीन वंशांत मांडल्या जातात. फिनिकॉप्टेरसमध्ये तीन, फिनिकोनायसमध्ये आपला लहान रोहित एकटा, आणि फिनिकोपारसमध्ये दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील दोन. १७९८ मध्ये लहान रोहिताचे प्रथम वर्णन झाले तेव्हा तोही फिनिकॉप्टेरसच होता. चोचीच्या घडणीवरून पुढे त्याचा वंश वेगळा करण्यात आला. त्याची वरची चोच आतून खोल कण्याची असते व तिच्या योगाने तो पाण्यातील सूक्ष्म शैवल गाळून खातो. मोठा रोहित प्रामुख्याने किडे, कवचधारी जीव असे जरा मोठे भक्ष्य वेचतो. त्यामुळेच दोघे एकाच चिखलात सुखाने चरू शकतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने असे दाखविले की, लहान रोहिताचे निकटचे आप्त म्हणजे अँडीजमधील ते दोन पक्षी. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ऐरोलीच्या चिखलात मोठ्या रोहिताच्या पायाशी चरणारा लहान रोहित हा, त्याने कधीही न पाहिलेल्या दूरच्या पक्ष्यांना अधिक जवळचा आहे. ‘मोठा’ आणि ‘लहान’ यांना एका वंशात घालावयाचे तर अँडीजच्या पक्ष्यांनाही त्यातच घ्यावे लागेल. तसे कोणी केले तर ते नियमबाह्य होणार नाही. पण अँडीजवाल्यांना वगळून या दोघांनाच एकत्र ठेवता येणार नाही. मराठी नाव पक्ष्यांचा शेजार सांगते, लॅटिन नाव कुळी सांगते.

संस्कृत शास्त्रपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे न्यायदर्शनातील जातिविचाराची आठवण होईल. उदयनाचार्यांनी कोणता धर्म ‘जाति’ ठरू शकत नाही, याची सहा बाधके सांगितली आहेत. त्यांतील दोन आपल्या विषयाला भिडतात. पहिले म्हणजे जिचा आश्रय एकच व्यक्ती आहे ती जाति नव्हे. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाति नाही. जीवशास्त्र ही अट वंशाला लावीत नाही. चिंचेच्या वंशात चिंच ही एकच जाती आहे, आणि तरी वंश मानला जातो. कारण तो साधर्म्याचा गठ्ठा नसून वंशवृक्षावरील एका फांदीचे नाव आहे, आणि फांदीला एकच पान असू शकते. दुसरे बाधक संकराचे. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात आणि काही ठिकाणी एकमेकांस सोडून राहतात, जसे भूतत्व आणि मूर्तत्व; तर त्यांना जाति म्हणता येत नाही. एक दुसऱ्यात पूर्ण सामावली पाहिजे किंवा पूर्ण बाहेर राहिली पाहिजे. लिनीअसच्या तक्त्याचा नियम हाच आहे. मात्र निसर्ग हा नियम नेहमी पाळतो असे नाही. आपल्या पोळीचा गहू ट्रिटिकम आणि एजिलॉप्स अशा दोन वंशांत मोडणाऱ्या गवतांच्या मीलनातून झालेला आहे. नैयायिकांनी ज्या दोषाला ‘संकर’ म्हटले, तोच शब्द मराठीने या मीलनासाठी वापरावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आता शब्दांकडे वळू. लॅटिन ‘जीनस’ हा शब्द जन्म देणे या अर्थाच्या धातूपासून आला. संस्कृतातील ‘जन्’, ‘जनस्’, ‘जाति’ हे त्याचे सगोत्र. ‘स्पीशीज’चे मूळ पाहणे या अर्थाच्या धातूत आहे, संस्कृतातील ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ त्याच घरातले. म्हणजे व्युत्पत्तीने वरची पायरी जन्माची आणि खालची दिसण्याची. आपण मात्र जन्मवाचक ‘जाती’ हा शब्द खालच्या पायरीला दिला. चूक झाली असे नाही. किंबहुना प्रजननाची कसोटी पाहता आपला शब्द लॅटिनपेक्षा अधिक समर्पक ठरला.

खरी अडचण ‘प्रजाती’ने केली आहे. ‘प्र’ हा उपसर्ग नात्यांच्या आणि परंपरेच्या शब्दांत ‘आणखी एक पायरी पलीकडे’ असे सांगतो, पण दिशा सांगत नाही. पितामहाचा प्रपितामह होतो तेव्हा आपण वर जातो. पौत्राचा प्रपौत्र, शिष्याचा प्रशिष्य, शाखेची प्रशाखा होते तेव्हा खाली. दिशा मूळ शब्दात असते. ‘जाती’ला स्वतःची दिशा नाही. म्हणून पाठ्यपुस्तकाने ‘प्रजाती’ म्हणजे जातीच्या वरची पायरी असे मानले, तर ते प्रपितामहाच्या वाटेने गेले. ज्याला हा शब्द खालच्या बाजूचा वाटला, तो प्रशाखेच्या वाटेने गेला. दोघांचेही संस्कृत शुद्ध आहे. तैत्तिरीय उपनिषदात ‘प्रजाति’ शब्द येतो आणि शांकरभाष्यात त्याचा अर्थ नातवाची उत्पत्ती असा केला आहे. तेव्हा प्राचीनतेचा कौल काढलाच तर तो खालच्या बाजूने पडेल. पण वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’ उचलला तो उपनिषद वाचून नव्हे. हिंदीतील रूढी हे एक कारण. आणि दुसरे, ज्याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही, ते असे की ‘जाती’ या शब्दाला आपल्या समाजात जो दुसरा अर्थ चिकटलेला आहे तो मथळ्यात नको असतो. ‘दुर्मिळ जातींचे संरक्षण’ असे छापताना संपादकाचा हात अडखळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

तरीही हा प्रश्न केवळ शब्दशुद्धीचा नाही. गिधाडांचे उदाहरण पाहा. १९९० च्या दशकापासून भारतात जिप्स वंशातील तीन जातींची गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. त्यांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९ टक्क्यांहून अधिक होती. रायगड जिल्ह्यात त्यांची थोडी वस्ती आजही आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पर्यायी औषध सुरक्षित आहे हे कशावर तपासावयाचे? नामशेष होऊ घातलेल्या पक्ष्यांवर प्रयोग करणे शक्य नव्हते. म्हणून मेलॉक्सिकॅम प्रथम तपासले गेले ते त्याच वंशातील एका आफ्रिकी जातीवर. एका जातीवरून दुसऱ्या जातीविषयी अनुमान करण्याचा आधार वंश हा होता. हे अनुमान मराठीत मांडताना जर वंशालाही प्रजाती आणि जातीलाही प्रजाती म्हटले, तर ‘एका प्रजातीवरील प्रयोग त्याच प्रजातीतील दुसऱ्या प्रजातीस लागू’ असे वाक्य तयार होते, आणि ज्या युक्तिवादावर औषधाची निवड उभी आहे तो वाचकाच्या हातून निसटतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींतही संरक्षण कधी एकेका जातीला तर कधी संपूर्ण गटाला दिलेले असते. तेथे तर शब्दाचा घोटाळा परवडणाराच नाही.

माझी सूचना अशी की, शास्त्रीय लेखनात ‘वंश’ आणि ‘जाती’ ही जोडी स्थिर करावी, आणि ‘प्रजाती’ योजावयाचाच असेल तर प्रथम उल्लेखातच त्याचा अर्थ सांगावा. ‘वंश’ हा शब्दही निष्कलंक नाही. माणसांच्या संदर्भात त्याचा दुरुपयोग पुष्कळ झाला आहे. पण त्यात कुळीची आणि वंशावळीची कल्पना आहे, आणि आजच्या वर्गीकरणाला नेमकी तीच हवी आहे. शिवाय विश्वकोशाच्या प्राणिविषयक नोंदींमुळे तो आपल्या वाचकाला अपरिचितही नाही.

विद्यार्थ्याच्या वर्तमानपत्रातील वाक्याविषयी एक गमतीची गोष्ट सांगावयाची राहिली. ‘रोहिताच्या दोन प्रजाती’ हे विधान दोन्ही अर्थांनी खरे आहे : त्या दोन जाती आहेत आणि दोन वंशही. खाडीत लहान रोहिताऐवजी अमेरिकेचा तांबडा रोहित येत असता, तर तेच वाक्य एका अर्थाने खरे व दुसऱ्या अर्थाने खोटे झाले असते, आणि घोटाळा उघडा पडला असता. विद्यार्थ्याने आपल्या भाषांतरात लिहिले : ‘खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात, शास्त्रज्ञ त्यांना दोन निरनिराळ्या वंशांत ठेवतात.’ लेख एका नियतकालिकाकडे गेला. छापून आला तेव्हा ‘जाती’च्या जागी ‘प्रजाती’ झाले होते, आणि ‘वंशांत’च्या जागीही.